बार्सिलोनातली जपानी हॉटेलं: अस्सल नक्की कशाला म्हणायचं?

दर्यावर्दी

मोबाईल काँग्रेस या मोबाईल उद्योगाच्या मेळाव्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईची बरीच मंडळी बार्सिलोनाला येतात आणि इथल्या आम्हा लोकांना एक प्रश्न हमखास विचारतात, इथं अस्सल जपानी कुठं मिळेल. उत्तरही ठरलेलं असतं, शेफ जपानी बघा आणि आत जपानी माणसं जेवताना दिसली की बिनधास्त शिरा. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

माझ्या मते भात कसा केलाय, दाशी (जपानी स्वयंपाकातलं मूळ सूप) कशी काढलीय आणि मासा कसा हाताळलाय या तीन गोष्टींवर सगळं ठरतं, शेफचा पासपोर्ट आणि मासा कुठल्या विमानानं आला हे नंतरचं. उलट मी तर म्हणेन की भूमध्य समुद्राच्या काठावर हॉटेल काढून जो माणूस समोरच्याच पाण्यातला मासा घेतो तो जास्त जपानी पद्धतीनं वागतोय, कारण त्या स्वयंपाकाचा सगळा जीव हंगामात आणि जवळच्या पाण्यात आहे. कॅथेड्रलजवळच्या कोय शुंकाचं उदाहरण घ्या, हिदेकी मात्सुहिसांचं हॉटेल, मिशेलिन या हॉटेलं पारखणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळवलेलं. तिथं काउंटरवर बसलात तर सगळं काम डोळ्यांसमोर चालतं आणि हात शंभर टक्के जपानी पण माल बराचसा इथल्या किनाऱ्याचा. त्यात मला काहीही कमी वाटत नाही.

दाशीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ती कोणी बघतच नाही, सगळे सुशीचे फोटो काढतात. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि धूर देऊन वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस, एवढ्यावर अख्खा जपानी स्वयंपाक उभा आहे. आता बार्सिलोनाच्या नळाचं पाणी जड, त्यात चुना भरपूर, आणि जड पाण्यात कोम्बूचा अर्क नीट उतरत नाही, क्योतोचं पाणी हलकं म्हणून तिथली दाशी तशी होते. म्हणजे जो शेफ इथं पाणी गाळून किंवा कमी क्षारांचं बाटलीतलं पाणी घेऊन दाशी करतो त्याला काय चाललंय ते कळतं, आणि जो पाकिटातली पावडर नळाच्या पाण्यात ढवळतो तो ओसाकात जन्मला असला तरी माझ्या लेखी त्याला काही कळत नाही. बोनितोच्या किसाची वेगळीच गंमत आहे. धुरामुळे त्यात येणाऱ्या बेंझोपायरीन या घातक रसायनावर युरोपात कडक मर्यादा आहे, जपानहून माल आणणं अवघड, म्हणून जपानी कंपन्यांनी तो इथंच बनवायला घेतला, एक कारखाना स्पेनच्या गॅलिसियात आणि एक फ्रान्सच्या ब्रिटनीत. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो त्याचा पायाच कदाचित गॅलिसियाहून आलेला असतो. मग "थेट जपानहून" या पाटीला किती किंमत द्यायची?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधी मत असेल तर जास्तच लिहा.

नागोयाकर

विरोधी मत आहे. मी वाहन उद्योगात आहे, आधी नागोयात नोकरी केली आणि आता इथं, त्यामुळे दोन्हीकडचं खाल्लंय.

दर्यावर्दी, तुम्ही पदार्थाच्या आत अस्सलपणा शोधताय आणि दुकान विसरताय. जपानमध्ये सुशीवाला सुशी करतो, उदोनवाला उदोन नूडल्स, ईलवाला जन्मभर ईल हा सापासारखा लांब मासा भाजतो, आणि एकच गोष्ट रोज केल्यामुळे तो हात तयार होतो. इथं बहुतेक ठिकाणी मेन्यू उघडला की सुशी, रामेन (सूपमधल्या नूडल्स), ग्योझा, याकिसोबा सगळं एका पानावर आणि मागच्या पानावर थायलंडचं पॅड थाई. अशा किचनमध्ये दाशी गाळलेल्या पाण्याची असो नाहीतर गंगाजलाची, हात कुठून बसणार? म्हणून मी जिरोना रस्त्यावरच्या रामेन-या हिरोला मान देतो, रामेनचं दुकान आहे आणि रामेनच करतात, बाहेर रांग लागते ती उगाच नाही.

आणि एक इतिहास सांगतो, तो या चर्चेत यायलाच हवा. १९८० मध्ये निस्साननं इथल्या मोटर इबेरिका या वाहन कंपनीत भांडवल घातलं, त्यानंतर बाकीच्या जपानी कंपन्याही आल्या, इंजिनिअर आले, बायकामुलं आली, शहराबाहेर सांत कुगात या गावी जपानी शाळा आहे ती याच लोकांच्या मुलांसाठी. त्या माणसांना घरची आठवण आली की काय खावंसं वाटायचं? मीठ लावून भाजलेला बांगडा, तोन्कात्सु (डुकराच्या मांसाचं तळलेलं कटलेट), करी-राईस, साधा भात आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप. माझ्यासाठी हे अस्सल, तारेवालं काउंटर नाही. २०२१ च्या डिसेंबरात निस्सानचा झोना फ्रांकातला कारखाना बंद झाला आणि असलं गिऱ्हाईक कमी झालं की पहिला बळी भाजलेल्या बांगड्याचाच जातो, कारण टुरिस्टला सॅल्मनची सुशी पाहिजे असते. ज्या सॅल्मनला कच्चा खायची सवय जपानला नॉर्वेनं १९८० च्या दशकात लावली, स्वतःचा माल खपवायला!

सायली_एशाम्प्ले

दोघांचंही वाचलं आणि दोघांचाही थोडा राग आला, खरं सांगते.

तुम्ही ज्या जागांबद्दल बोलताय तिथं विद्यार्थी जाऊ शकत नाही. मी इथं एमबीएला आले तेव्हा भाडं भरून हातात जे उरायचं त्यात जपानी जेवण म्हणजे पट्ट्यावरून फिरणाऱ्या ताटल्यांचा बफे, आणि तो चालवणारं कुटुंब चिनी, त्यांचं गाव चिंगतियान, स्पेनमधल्या कितीतरी चिनी कुटुंबांचं मूळ तिथलंच आहे. सकाळी उठून मासे कापणारी, रात्री बारापर्यंत खुर्च्या उचलणारी ही माणसं. कच्चा मासा खायची सवय या शहरातल्या सामान्य माणसाला त्यांनीच लावली आणि मग तुमची काउंटरं भरायला लागली, पण अस्सलच्या गप्पा निघाल्या की पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवलं जातं. का?

हे असं प्रमाणपत्र वाटायचं काम खुद्द जपान सरकारनं करून बघितलंय. २००६ मध्ये त्यांच्या शेतीमंत्र्यांनी परदेशातल्या जपानी हॉटेलांना खरं-खोटं ठरवायची योजना काढली, जगभरातून "सुशी पोलीस" म्हणून टीका झाली आणि ती गुंडाळावी लागली. पुढे २०१६ पासून त्यांनी परदेशी स्वयंपाक्यांच्या कौशल्याला सोनं, चांदी, कांस्य अशी प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. म्हणजे माणूस शिकलाय का एवढंच बघतात, तो कुठला ते नाही. जपानला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

शिवाय दुपारी जाऊन बघा. जपानी हॉटेलातसुद्धा मेनू देल दिया, म्हणजे दुपारचं ठरलेलं जेवण, मिसो सूप, मग मेन डिश, शेवटी गोड नाहीतर कॉफी, सगळं एका किमतीत. ऑफिसातली माणसं रोज तसं जेवतात. हे बार्सिलोनाचं जपानी जेवण आहे आणि ते कोणापेक्षा कमी नाही असं माझं ठाम मत.

दर्यावर्दी

सायली, चिनी कुटुंबांच्या कष्टाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, आणि माझ्या मांडणीत त्यांना जागा आहेच की, मी शेफचा देश बघूच नका म्हणतोय. पण बफेतला भात फ्रीजमधून काढलेला, गार आणि दाणा कडक असतो, हे कष्टानं भरून निघत नाही. सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा, तोंडात गेल्यावर दाणे सुटे व्हायला हवेत. ते स्वस्तातही जमू शकतं, तांदूळ काही महाग नाही. एब्रो नदीच्या डेल्टाचा तांदूळ इथून दोन-अडीच तासांवर पिकतो, जपानी तांदळासारखा जापोनिका गटातलाच आहे, आखूड दाण्याचा. नीट धुऊन, भिजवून, व्हिनेगर गरम भातात घालून केला तर उत्तम होतो.

नागोयाकर, एकच पदार्थ करणाऱ्या दुकानाचा मुद्दा जोरदार आहे. पण मग इझाकाया, म्हणजे दारूबरोबर खायला देणारी जपानी खानावळ, कुठं बसवणार? तिथं तर भाजलेलं, तळलेलं, कच्चं सगळं थोडं थोडं मिळतं आणि ते जपानीच आहे. रावालमधल्या दोस पालियोसमध्ये आल्बेर्त राउरिक, एल बुयी या गाजलेल्या हॉटेलचे जुने मुख्य शेफ, २००८ पासून हेच छोट्या ताटल्यांमधून करतायत.

नागोयाकर

दोस पालियोसला मध्ये आणू नका. ते स्वतःच आशियाई तापास (स्पॅनिश पद्धतीच्या छोट्या ताटल्या) म्हणवतात, त्यात चीन आहे, थायलंड आहे. जेवण उत्तम असेल, प्रश्न तो नाहीच.

आणि एब्रोच्या तांदळाबद्दल तुम्ही जरा घाईनं बोललात. जापोनिका म्हटलं की सगळं एक होत नाही. तिथला बोम्बा जातीचा तांदूळ घ्या, रस पितो आणि तरी दाणा मोकळा राहतो, पाएया या स्पॅनिश भाताला तोच गुण हवा असतो आणि सुशीला तोच दोष ठरतो. जपानच्या कोशिहिकारी तांदळाची चकाकी आणि चिकटपणा वेगळा. इटलीत सेलेनियो जातीचा तांदूळ पिकवतात तो त्यातल्या त्यात जवळ जातो. साधा वाटीभर पांढरा भात मागवा, वर काही न घालता, आणि मग बोला.

वेसावकर

मी फक्त माशाबद्दल लिहितो, बाकी तुम्ही हुशार आहात.

"समोरच्या समुद्रातला ताजा मासा" हे वाक्य प्रत्येक धाग्यात येतं. आमच्या घरी कल्ले लाल, डोळा चमकदार, बोट दाबलं तर खड्डा राहत नाही असा मासा घेतात आणि कालवणाला तो बरोबर आहे. कच्चा खायचा मासा वेगळा. पहिली गोष्ट कायदा. स्पेनमध्ये २००६ पासून नियम आहे, हॉटेलात कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा द्यायचा तर आधी उणे २० ला किमान २४ तास गोठवायचा, कारण अनिसाकिस नावाचा कृमी. इथं व्हिनेगरमध्ये मुरवलेले बोकेरोनेस हे छोटे मासे लोक आवडीनं खातात आणि त्यातून तो पोटात जातो म्हणून हे आलं. पाळलेल्या माशाला काही अटींवर सूट आहे, पण समुद्रातून धरलेला असा मासा सकाळी जाळ्यात आणि दुपारी कच्चा ताटात, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर मी तिथं जेवणार नाही. दुसरी गोष्ट, मोठा मासा मारल्यावर लगेच चांगला लागत नाहीच. इकेजिमेनं मारायचा, म्हणजे मेंदूत सळई, मग मज्जारज्जूतून तार, रक्त काढायचं, आणि पुढे थंडीत काही दिवस मुरू द्यायचा, तेव्हा त्याला चव येते. अस्सलपणा बघायचा तर तो सुरी हातात घ्यायच्या आधीच्या या कामात बघा. इथं मी दर्यावर्दींच्या बाजूनं आहे, पासपोर्टचा संबंध नाही, गॅलिसियाचा पोरगा हे शिकू शकतो.

पण ट्यूनाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही ते खटकलं. बार्सिलोनाच्या दक्षिणेला ला आमेत्या दे मार या गावी बाल्फेगो कंपनीचे समुद्रातले पिंजरे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला बालेआरिक बेटांजवळ वेढा जाळ्यानं ब्लूफिन ट्यूना धरतात, जिवंतच पिंजऱ्यात ओढून आणतात, बांगडा-हेरिंग खायला घालून पोसतात आणि ऑर्डर आली की काढतात. भूमध्यातला हा मासा वर्षानुवर्षं जपानलाच जात आलाय.

सायली_एशाम्प्ले

वेसावकर, हा मुद्दा काढलात ते बरं झालं, कारण जपानच्या त्या भुकेनंच हा मासा संपायला आला होता ना? मग तो खाणं बरोबर का?

वेसावकर

आला होता, खरंय. २०१० मध्ये दोह्याला सायटेस या दुर्मिळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत मोनाकोनं व्यापारबंदी मागितली होती, जपाननं जोर लावून हाणून पाडली. पण कोटा कापला, लहान मासा धरायला बंदी घातली, बोटींवर निरीक्षक बसवले, आणि मासा वाढला. २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेनं त्याला धोक्याच्या यादीतून काढून सगळ्यात कमी चिंतेच्या गटात टाकलं. मासेमारी करणाऱ्या घरातला आहे म्हणून सांगतो, कोटा पाळला तर समुद्र परत देतो, हे इथं दिसलंय, आमच्याकडे दिसायचंय. मी खातो आणि मनापासून खातो. ईल मात्र खात नाही, युरोपातली ईल अतिधोक्यात आहे आणि तरी एब्रो डेल्टात ती भातात शिजवतात. नागोयाकरांना हे आवडणार नाही.

नागोयाकर

नाही आवडलं. नागोयाची हित्सुमाबुशी म्हणजे ईलच. पण ईल इथं मी मागवत नाही, कारण तुम्ही म्हणता ते खरं आहे.

मीठभाकर

सगळे मासेच मोजताय म्हणून लिहितेय. मी शाकाहारी, मुलीकडे बार्सिलोनाला येऊन जाऊन असते. मिसो सूप शाकाहारी आहे म्हणून आपली कितीतरी माणसं पितात आणि त्यात बोनितो असतो. वांग्याचं तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेलं, शाकाहारी म्हणून देतात आणि बुडवायच्या पाण्यात परत दाशी. दर्यावर्दी, तुम्ही ज्या दाशीची एवढी बाजू घेताय तिनं आम्हाला बाहेर बसवलंय.

आणि हे जपानी परंपरेत बसत नाही असं कोणी म्हणू नये. बौद्ध मठांचं शोजिन जेवण किती जुनं आहे, त्यात दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची असते, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. ज्या किचनला दाशी येते त्याला ही दाशी का येऊ नये? सांगितलं तर करून देतात असा माझा अनुभव आहे, पण आदल्या दिवशी फोन करावा लागतो आणि मुलीला स्पॅनिशमध्ये तीन वेळा समजवावं लागतं. घरी मी इंद्रायणी तांदळाचं माकी (शेवाळाच्या पानात गुंडाळलेली सुशी) करते, चिकट होतो छान. तेव्हा भाताच्या भांडणात मला पडायचं नाही.

दर्यावर्दी

मीठभाकर ताई, हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा असं कोणी म्हणेल, पण मला वाटतं तो माझ्याच बाजूचा आहे. कोम्बू-शिताकेची दाशी जड पाण्यात लपतच नाही, मागे धुराचा वास नसतो ना झाकायला. म्हणून ज्याला हॉटेल पारखायचंय त्यानं आदल्या दिवशी फोन करून शाकाहारी दाशी मागावी. "हो, पण शिताके रात्रभर भिजवावे लागतील, उद्या या" असं उत्तर आलं तर टेबल बुक करा. "सोया सॉस घालून देऊ" म्हणाले तर फोन ठेवा.

नागोयाकर

आणि तरीही साधा भात मागवा. शिताके भिजवणारा भात बिघडवू शकतो, मी खाल्लाय तसा.

सायली_एशाम्प्ले

फोन करायचा, टेबल बुक करायचं, आदल्या दिवशी सांगायचं, परत तेच. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बारा-पंधरा युरोत जिथं पोट भरतं त्या जागेबद्दल कोणी काही चांगलं लिहिणार आहे का? शहरातल्या पोब्लेनोऊ किंवा सांत भागात माहीत असेल तर नाव द्या, मी जाऊन भात खाऊन इथं लिहिते.