बेकी शार्पला धुतल्या तांदळासारखी दाखवायची काय गरज?

पागोळी
परवा इथे एकाने लिहिलं, 'व्हॅनिटी फेअर'ची २०१८ ची मालिका हीच खरी. मूळ कादंबरीत इंग्रज लेखक थॅकरेने नायिका बेकी शार्पवर अन्याय केला होता, तो मालिकेने दूर केला. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

कसला अन्याय? १८४७-४८ मध्ये दरमहा हप्त्याने ही कादंबरी आली आणि तिच्यात सगळ्यांत जिवंत कोण असेल तर हीच बया. शाळा सोडताना भेट मिळालेली डिक्शनरी बग्गीतून बाहेर भिरकावते, तिथेच आपण तिचे होतो. चित्रकाराची अनाथ पोर, गाठीला पैसा नाही, नवरासुद्धा स्वतःच शोधायचा. हे सगळं लेखकाने मांडलंय की! पण त्यानेच रॅगल्सही दाखवलाय. जुना बटलर, जन्मभराच्या कमाईतून कर्झन स्ट्रीटला घर घेतो, बेकी आणि तिचा नवरा रॉडन तिथे छदाम न देता थाटात राहतात आणि तो कर्जापायी तुरुंगात जातो. बेकीच्या सोबतीला राहणाऱ्या बिचाऱ्या मिस ब्रिग्जची पुंजीही हिनेच गिळली. आणि आईचं गाणं चोरून ऐकणाऱ्या पोटच्या पोराच्या कानाखाली वाजवते, ते?

२०१८ च्या मालिकेतली बेकी, ओलिव्हिया कुक, मधूनच कॅमेऱ्याकडे बघते आणि आपण तिच्या कटात सामील होतो. मग रॅगल्स कुणाच्या लक्षात राहणार! १९९८ च्या बीबीसीच्या मालिकेतली नताशा लिटल बघा. गोड दिसते, पण तिच्यासमोर मी पर्स उघडी ठेवणार नाही. बेकी अशी हवी.

कडूकारले
पागोळीताई, कादंबरी मीही वाचली आहे. 'वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर मीही चांगली बाई होईन,' असं बेकीला वाटतं, आणि पुढे निवेदक काय म्हणतो? कोण जाणे, तिचंच खरं असेल! म्हणजे तिची बाजू लेखकानेच घेतली आहे, मालिकेने नव्हे. बेकीच्या मैत्रिणीचा, अमेलियाचा नवरा जॉर्ज ऑसबॉर्न लग्नाला दोन महिने व्हायच्या आत वॉटर्लूच्या लढाईच्या तोंडावर हिला पळून जाऊ या अशी चिठ्ठी देतो. तिच्यावर पैसा उधळणारा लॉर्ड स्टेन म्हातारा, लंपट. हे सगळे सभ्य गृहस्थ, आणि कारस्थानी कोण तर बेकी.

राहता राहिला रॅगल्स. सात भागांत काय काय कोंबणार? १९८७ मध्ये बीबीसीने सोळा भाग केले होते, तेवढी सवड आता कोण देतं?

मुळशीकर
सवडीचा प्रश्नच नाही. रॉडनच्या आत्याचं, मिस क्रॉलीचं प्रकरण आठवा. सत्तर हजार पौंडांची मालकीण, आजारी, आणि उशाशी बेकी. हे मी घरात पाहिलंय. आमच्या मोठ्या काकूंकडे सांभाळायला एक बाई ठेवली होती. गोड बोलणं, रात्र रात्र जागणं. काकू गेल्यावर कळलं, मृत्युपत्र बदललंय. पडद्यावर अशी बाई 'धडाडीची' म्हणून दाखवली की माझं रक्त उकळतं.

निर्मोही
मुळशीकर, रात्र रात्र जागत होती हे तुम्हीच लिहिलंत. तेव्हा तुम्ही कुठे होतात?

माझ्या आत्याने दादरच्या एका श्रीमंत मावशीचं अकरा वर्षं हगणंमुतणं काढलं. नातेवाईक दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचे, तेवढाच संबंध. मावशीने खोली आत्याच्या नावावर केली, तर सगळ्या खानदानाने तिला कावेबाज ठरवलं. ती मरेपर्यंत कुणी तिच्याकडे जेवलं नाही.

मुळशीकर
तुमच्या आत्याबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. आणि आम्ही कुठे होतो हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही. माझे वडील त्या वेळी अंथरुणाला खिळले होते.

निर्मोही
वडिलांचं माहीत नव्हतं. तो प्रश्न मागे घेते. पण सेवा करणाऱ्या गरीब बाईकडे आधी संशयानेच बघायचं, हे मागे घेणार नाही.

शिसपेन्सिल
तुम्ही सगळे बायकांवरच भांडताय. अमेलियाच्या भावाबद्दल, जॉस सेडलीबद्दल बोला! बंगालमधला कंपनी सरकारचा कलेक्टर, खा खा खातो, आणि त्याला लुबाडणारी बेकी तेवढी दुष्ट. त्याचा पैसा आला कुठून? १८१८ ला आपल्याकडे पेशवाई बुडाली, तो याच कथानकाचा काळ. थॅकरे स्वतः १८११ मध्ये कलकत्त्यात जन्मला, बाप कंपनीच्या नोकरीत. एकाही मालिकेला हा हिशेब नीट मांडावासा वाटला नाही.

पागोळी
शिसपेन्सिल, मुद्दा चांगला आहे, पण रॅगल्स कंपनीचा कलेक्टर नव्हता. भाजी विकून पैसे जमवलेला माणूस होता. जॉसला लुटलं तर लुटलं, मला त्याचं दुःख नाही. गरिबाला बुडवते तिथे माझं भांडण आहे.

मुळशीकर आणि निर्मोही, थॅकरेने हे आधीच लिहून ठेवलंय. मिस क्रॉलीच्या दुखण्यात बेकी मनापासून राबते आणि डोळा पैशावरही असतो, दोन्ही एकाच वेळी. शेवटी म्हातारी रॉडनला जेमतेम शंभर पौंड ठेवते. मालिका बघताना मला हे दोन्ही एका चेहऱ्यावर दिसायला हवं.

कडूकारले
बरं, रॅगल्स ठळक दाखवायला हवा होता. एवढं मान्य, यापुढे नाही. पण जॉसच्या मृत्यूचं काय? बेकीने त्याला मारलं असं थॅकरे कुठेच म्हणत नाही. नुसतं चित्र काढतो, पडद्याआड बेकी आणि खाली ग्रीक पुराणातल्या, नवऱ्याला मारणाऱ्या क्लायटेम्नेस्ट्राचं नाव. पुराव्याशिवाय एवढा मोठा आरोप! तुमच्या लाडक्या लेखकाने केला की ती कला, आणि मालिकेने तिला जरा सहानुभूती दिली की भेसळ?

पागोळी
हो, कला. कारण तो ठरवून सांगत नाही आणि आपल्याला रात्रभर विचार करायला लावतो. २००४ च्या मीरा नायरच्या चित्रपटात तर बेकी जॉसबरोबर हिंदुस्थानात हत्तीवरून मिरवते. मिरवणूक बघून मला घरी जाऊन विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

निर्मोही
मला ती मिरवणूक आवडली. एका तरी बाईला शेवटी हत्ती मिळाला.

मुळशीकर
मला नाही आवडली. पण १९९८ ची मालिका पुन्हा बघतो, आणि या वेळी मिस क्रॉलीच्या खोलीतले प्रसंग नीट बघतो. निर्मोही, तुम्हीही बघा. मग भांडू.