बाई बॉस नको, हा दोष संस्कृतीचा की कायद्याचा?

तर्कटराव
‘आमच्या संस्कृतीत बाईच्या हाताखाली काम करणं पुरुषांना जड जातं’ हे कारण मला पटत नाही. जर्मनी बघा. भाषा एक, १९४५ पर्यंतचा इतिहासही एक. तरी पश्चिम जर्मनीच्या कायद्यानुसार १९७७ पर्यंत विवाहितेला घरची कर्तव्यं सांभाळूनच नोकरी करता येत होती. पूर्वेकडे सरकारी पाळणाघरं होती, बायकांची नोकरी गृहीतच होती. एकाच समाजात चाळीस वर्षांत दोन वेगळे रिवाज तयार झाले. मग संस्कृती आधी की पाळणाघर?

चष्मेबद्दूर
पूर्व जर्मनीचं कौतुक जरा बेतानं करा. राबायला बायका चालत होत्या, पण तिथला सर्वोच्च नेता होनेकर याच्या काळात पॉलिटब्युरोत, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, पूर्ण सदस्य म्हणून एकही बाई नव्हती. पाळणाघराने हजेरी वाढते, खुर्ची मिळत नाही.

तर्कटराव
खुर्चीसाठीही कायदा करता येतो. नॉर्वेने २००३ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात ४० टक्के बायका सक्तीच्या केल्या. पाळलं नाही तर थेट कंपनी बरखास्त! २००८ पर्यंत आकडा गाठलाच ना?

चष्मेबद्दूर
मंडळाचा गाठला. रोजचा कारभार हाकणारे सीईओ त्यानंतरही बहुतेक पुरुषच राहिले. आणि भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना एक तरी महिला संचालक हवी म्हटलं, तर कित्येक प्रवर्तकांनी बायकोला नाहीतर मुलीला बसवलं. कायदाही पाळला, सत्ताही घरातच.

सांजसावली
मध्ये बोलते. दोघंही वरच्या मजल्याबद्दलच भांडताय. जपानमध्ये समान संधीचा कायदा १९८६ ला लागू झाला, तर कंपन्यांनी नोकरीच्या दोन वाटा केल्या: एक बढतीची, पण कुठेही बदली आणि रात्री उशिरापर्यंत काम, दुसरी कारकुनीची. बायका बहुतेक दुसरीकडे. ‘२०२० पर्यंत नेतृत्वात ३० टक्के’ हे सरकारी उद्दिष्ट मग हुकणारच होतं. पंचविशीत जी रांगेतच नाही, ती पन्नाशीत साहेब कुठून होणार? (वर ‘लायक बायका मिळत नाहीत’ हे ऐकवायला सगळे तयार.)

तर्कटराव
म्हणजे माझाच मुद्दा. त्या कायद्यात सुरुवातीला दंडच नव्हता, नुसतं ‘प्रयत्न करा’.

सांजसावली
दंड लावा की. पण रात्री दहापर्यंत थांबणाऱ्यालाच निष्ठावान समजणारा साहेब कुठल्या कलमात पकडणार, तेवढं सांगा.