शाळेचा विज्ञान विभाग वाढवायचा, तर आधी रोबोटिक्सची खोली की जोडतासिका?

चंचुपात्र
नागपुरातली एक अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा. आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ६० मुलं, प्रयोगशाळा एकच. माजी विद्यार्थ्यांनी विज्ञान विभागासाठी ३ लाख रुपये दिले. अशा वेळी संस्थाचालक आणि पालक, दोघांचा कल रोबोटिक्सच्या खोलीकडे असतो. मला तो पूर्ण चुकीचा वाटतो.

साठ मुलं एकदम प्रयोगशाळेत नेली की पुढची सहा-सात मुलं प्रयोग बघतात आणि बाकीची निरीक्षणं फळ्यावरून उतरवतात. तुकडीचे ३०-३० चे दोन गट करा, दोघांत एक संच द्या, म्हणजे १५ संच लागतील. वर ७० मिनिटांची जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका. सहा तुकड्यांचे १२ गट म्हणजे आठवड्याला २४ तासिका, आणि आठवड्यात साधारण ४५ तासिका असतात. एका खोलीत हे आरामात बसतं. उरलेल्या ३० मुलांना त्याच वेळी गणित लावायचं.

साहित्याचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. लोखंडी खिळा आणि मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) प्रयोग घ्या. संचाला ५ टक्क्यांचं १० मिली द्रावण. दहावीचे चार गट धरले तरी एकूण ६०० मिली, म्हणजे ३० ग्रॅम मोरचूद. बिघडतं ते दुसरीकडेच. खिळ्यावर तेलाचा थर राहिला तर तांबं धरत नाही, म्हणून आधी पॉलिशपेपरने घासून घ्यावा लागतो. खिळा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर निळा रंग फिका होतो, पण हिरवट छटा येतच नाही, कारण लोखंडाआधी जस्तच तांब्याला विस्थापित करतं. मूल म्हणतं, "सर, पुस्तकात हिरवं लिहिलंय." या प्रश्नावर पुढची वीस मिनिटं जायला हवीत, आणि ती जोडतासिकेतच मिळतात.

सोल्डर आणि तार
जोडतासिका मान्य. पण 'रोबोटिक्स' शब्दावरच तुम्ही चिडला आहात, आणि त्यात मुलांचं नुकसान आहे. रेघेवरून पळणारी गाडी विकत आणून प्रदर्शनात फिरवायची, याला माझाही विरोध आहे. पण १५ आर्डुइनो बोर्ड (संगणकावर आज्ञा लिहून चालवता येणारे छोटे सर्किट), प्रत्येकाला दोन जलरोधक डीएस१८बी२० तापमान संवेदक आणि ४.७ किलोओहमचा एक रोध, एवढंच घेतलं तर पोट्टे खरं मोजमाप करतात. हा संवेदक अर्ध्या अंशाच्या आत चुकतो आणि पाऊण सेकंदाला एक वाचन देतो.

नागपूरचाच प्रयोग सांगतो. दोन सारख्या कुंड्या, एकीत काळी कापसाची माती, दुसरीत मुरूम, दोन्ही कोरड्या. प्रत्येकीत ३ सेंटिमीटर खोल संवेदक पुरा, मार्चमध्ये सकाळी ८ ते संध्याकाळी ५ उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. दुसऱ्या दिवशी दोन्हींत सारखं पाणी घालून पुन्हा तेच. काच-तापमापी घेऊन नऊ तास कोण उभं राहणार? आणि मोरचूद दरवर्षी संपतं, बोर्ड टिकतो.

एकच चूक हमखास होते. तो रोध डेटाची तार आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये लावायचा असतो. विसरला तर वाचन उणे १२७ येतं आणि मुलांना वाटतं संवेदक जळाला.

जडसंग्रह
बोर्ड टिकतो, बॅटरी टिकत नाही. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा खोली बंद, पंखा बंद. रोबोटच्या गाडीत तशीच ठेवलेली लिथियम बॅटरी रिकामी होत जाते आणि फुगते. सुट्टीपूर्वी बॅटऱ्या काढून अर्ध्या चार्जवर, तळमजल्यावरच्या सर्वांत थंड कपाटात ठेवायच्या. हे करणारा माणूस कोण?

माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. पहिला पैसा प्रयोगशाळा सहायकाच्या मानधनावर. पद मंजूर नसेल तर अर्धवेळ बी.एस्सी. मुलगा किंवा मुलगी ठेवा. केंद्र सरकारच्या, शाळांसाठीच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतसुद्धा २० लाखांपैकी १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढची पाच वर्षं चालवायला ठेवले होते. चालवण्याचा खर्च न धरलेली खोली दुसऱ्या वर्षी कुलपात जाते.

सहायक नसला की काय होतं? अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटल्या एकाच फळीवर राहतात. झाकणांतून वायू निसटतात, सगळ्या काचेवर अमोनियम क्लोराइडची पांढरी बुकणी बसते आणि तराजू गंजतो. आम्लं सर्वांत खालच्या फळीवर, ट्रेमध्ये. अमोनिया दुसऱ्या कपाटात. एप्रिलमध्ये खिडकीला डेझर्ट कूलर लावला तर कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या ओल धरून चिकट होतात आणि सूक्ष्मदर्शीच्या भिंगांवर बुरशी येते. कूलर हवाच असेल तर सूक्ष्मदर्शी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर तापवून घ्या. विरल आम्ल करायचं तर ८५ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ७०० मिली पाण्यात हळूहळू ओतायचं, मग एक लिटर भरायचं. उलट कधीच नाही. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण नळाच्या पाण्यात केलं की बाटलीतच दुधाळ होतं, कारण पाण्यात क्लोराइड असतं. हे सगळं २८ तासिका घेणाऱ्या शिक्षकाकडून मधल्या सुट्टीत होणार नाही.

ऑरेंज सिटीचा पालक
दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० चे आणि प्रात्यक्षिक २० चं. ते २० बहुतेक सगळ्यांना मिळतातच. मग एवढा खटाटोप कशाला?

चंचुपात्र
@पालक: त्या ८० गुणांतही 'कारण सांगा' असतं. ज्याने जस्ताच्या मुलाम्याचा खिळा पाहिलाय त्याला क्रियाशीलतेची श्रेणी पाठ करावी लागत नाही.

@जडसंग्रह: सहायकाचं पटतं, पण ३ लाख म्हणजे महिन्याला १० हजार धरले तरी ३० महिने. पुढे काय?

संचमान्यता
इथे कोणी हिशेब पूर्ण केलेला नाही. एका तुकडीचे दोन गट केले की त्या चार तासिकांना दोन शिक्षक लागतात, म्हणजे चार तासिका जास्तीच्या. सहा तुकड्यांना २४. संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेला पदं मंजूर करतं त्यात, मिळणारे शिक्षक विद्यार्थीसंख्येवर ठरतात, गट पाडले म्हणून वाढत नाहीत. २४ तासिका म्हणजे जवळजवळ एक पूर्ण शिक्षक. हा आणणार कुठून? वेळापत्रक फुकट मिळतं असं समजून धागा सुरू झालाय.

चंचुपात्र
बरोबर, ही माझी चूक. मग पंधरवड्याची पाळी लावू. तुकडीला आठवड्यात एकच जोडतासिका. या आठवड्यात पहिला गट प्रयोगशाळेत, दुसरा गणिताला. पुढच्या आठवड्यात उलट. जादा तासिका १२ वर येतात, आणि त्या विज्ञान व गणिताच्या चार-पाच शिक्षकांत वाटता येतात. प्रत्येक मुलाच्या हाताला वर्षात १५-१६ प्रयोग लागतील.

सोल्डर आणि तार
पंधरवडा असेल तर संवेदकांची बाजू उलट बळकट होते. गट नसलेल्या आठवड्यात कुंड्या आपोआप नोंदी घेत राहतील आणि जोडतासिकेत फक्त आलेख काढायचा. १५ बोर्डही नकोत, पाच पुरे. राहिलेला पैसा सहायकाला द्या, माझी हरकत नाही. बॅटरीही नको, मोबाइलचा जुना चार्जर चालतो.

जडसंग्रह
चार्जर चालेल, पण कुंडीजवळचं सर्किट प्लॅस्टिकच्या डब्यात आणि सावलीत हवं. तार डब्याच्या तळातून बाहेर काढा, वरून नाही, म्हणजे अवकाळीचं पाणी आत शिरणार नाही. आणि पाचही बोर्ड जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत क्रमांकासह चढवा. नोंद नसलेली वस्तू शिक्षकाची बदली झाली की सापडत नाही.

संचमान्यता
१२ जमतील. पण जूनमध्ये वेळापत्रक बसण्याआधी गणिताच्या शिक्षकांना विचारा. एकच धडा दोन आठवडे दोन गटांना शिकवायला लागणार आहे, ते तयार नसतील तर दिवाळीपर्यंत पाळी मोडते.