टक्सनजवळ पावसाळ्यात चादर-दिवा: कुठे, कधी, कसा?

वाळूकण
ऑगस्टच्या सुरुवातीला तीन रात्री टक्सनला (अमेरिकेतलं ॲरिझोना) मुक्काम आहे. सोनोरन वाळवंटातले रात्रीचे कीटक फक्त बघायचेत, फोटो काढायचेत. उजेडाकडे आलेले कीटक बसावेत म्हणून पांढरी चादर आणि अतिनील एलईडी दिवा सोबत आहे. सग्वारो नॅशनल पार्कात लावता येईल का? चंद्राचं काय? आणि कशाला जपायचं?

सहापाय
तारखेपेक्षा पाऊस बघा. तिथला मॉन्सून हवामान खात्याच्या हिशोबाने १५ जून ते ३० सप्टेंबर, पण कीटक कॅलेंडर वाचत नाहीत. चांगली सर येऊन गेल्यानंतरची दुसरी-तिसरी रात्र, वारा पडलेला, हवा दमट, हे जमलं तर चादर भरते. चंद्र नको. पौर्णिमा उलटून तीन-चार दिवस झाले असतील तर चंद्र उशिरा उगवतो, तेवढे सुरुवातीचे तास पदरात पडतात.

चादर सुती घ्या. सग्वारोला, म्हणजे तिथल्या उंच निवडुंगाला, बांधायची नाही, दोन काठ्या किंवा ट्रायपॉड न्या. खालची कड हातभर पुढे जमिनीवर पसरून दगड ठेवा. भुंगेरे चादरीवर आपटून खाली पडतात. कड लोंबती ठेवली तर ते तुमच्याच बुटांखाली जातात. दिवा चादरीपासून दीड-दोन फुटांवर. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा उत्तम. ३९५चा चालतो, पण जांभळ्या उजेडाने फोटोतले रंग बिघडतात. दिव्याकडे थेट बघू नका.

पार्कात परवान्याशिवाय काहीही उचलायला बंदी आहे, दिवा लावायचा तर आधी रेंजरला विचारा. त्यापेक्षा सांता रीता डोंगराच्या पायथ्याचं मेस्किटचं (काटेरी झाडांचं) रान बघा, कोरोनाडो नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीतलं. आवरताना दिवा बंद करून चादर झुडपांवर हलकेच झटका. तशीच सोडली तर सकाळी पक्ष्यांची पंगत बसते.

ओंडका
पालो वर्दे भुंगेरा बघायला मिळाला तर नशीब. साडेतीन इंचांपर्यंत वाढतो. अळी झाडाच्या मुळांवर दोन-तीन वर्षं काढते आणि प्रौढ बाहेर पडतो तो जेमतेम महिनाभरासाठी. पालो वर्दे झाडाच्या बुंध्याशी अंगठा जाईल एवढी भोकं दिसली की समजा, निघालेत. उचलू नका, जबडा बोट फोडतो.

चंदेरी रेघांचा हिरवा क्रिसिना भुंगेरा मात्र वाळवंटात शोधू नका. तो जुनिपर झाडाची पानं खातो, त्यासाठी डोंगर चढावा लागतो.

पायपीट
चादरीवर अर्धंच वाळवंट येतं. पिनाकाते भुंगेऱ्याचे वरचे पंख एकमेकांना चिकटलेले असतात, उडणार कसा? त्या पंखांखालच्या बंद पोकळीमुळे अंगातलं पाणी कमी उडतं. तो बघायला लाल हेडलॅम्प लावून तासभर सावकाश चाला. डिवचलं की डोकं खाली, बूड वर करून क्विनोन या झोंबणाऱ्या रसायनाचा फवारा मारतो. बोटाला तपकिरी डाग पडतो, तो हात डोळ्याला लावू नका. तिथला ग्रासहॉपर माऊस हा उंदीर मात्र या भुंगेऱ्याचं बूड वाळूत रोवून डोक्याकडून खायला सुरुवात करतो!

सहापाय
जपायचं राहिलं. चादरीवर किसिंग बग, म्हणजे रक्त पिणारा किडा, येतो: काळा, पोटाच्या कडेला नारिंगी-तांबडे पट्टे, साधारण दोन सेंटिमीटर. काहींना त्याच्या चाव्याने जीवघेणी ॲलर्जी होते. हाताने झटकायचा नाही, आणि दिवा तंबूपासून लांब. बार्क विंचू अतिनील उजेडात हिरवट चमकतो, म्हणून बसण्याआधी तोच दिवा जमिनीवर फिरवा.

गाडी वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्यात, लावू नका. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो, डोक्यावर चांदणं असतानाही.

वाळूकण
आभार. पावसानंतर तिथेही लाल मखमली किडा निघतो असं वाचलं. आपला मृगाचा किडा तोच का?

पायपीट
जवळचा नातेवाईक. तिथला डायनोथ्रॉम्बियम. दोघेही कीटक नव्हेत, कोळ्यांच्या गोतावळ्यातले. पाय मोजा, आठ भरतील. पण तो रात्री चादरीवर सापडायचा नाही. सर थांबून ऊन पडलं की पंखवाली वाळवी उडते, तिच्यावर ताव मारायला वर येतो आणि काही तासांत परत वाळूत. म्हणजे त्या दिवशी दुपारची झोप सोडा.