स्कायरिममध्ये शेवटी सगळेच धनुर्धारी का होतात?

कुंपणावरचा:
चौथ्यांदा स्कायरिम हा व्हिडिओ गेम सुरू केला. या खेपेला फक्त जादूगार, असं पक्कं ठरवलं होतं. ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यात शिरलो, कोनाड्यात एक ड्रॉगर (उठून लढणारं प्रेत) पडलेला दिसला, जवळ धनुष्य होतंच. म्हटलं, एकच बाण. पंधराव्या लेव्हलला बघतो तर स्नीक (लपून वावरणं) आणि आर्चरी (धनुर्विद्या) ही स्किल्स सगळ्यात वर, डिस्ट्रक्शन (माऱ्याची जादू) आहे तिथेच. २०११ पासून लोक यावर विनोद करतायत, पण माझ्या मते खोट गेमची आहे. जे वापराल ते स्किल वाढतं. म्हणजे जे सोपं ते वापरलं जातं आणि तेच आणखी सोपं होत जातं.

दांडपट्टा:
साफ असहमत. बाण मारताना गेमने हात धरला होता का तुमचा? धनुष्य विकून टाका! मी सुरुवातीलाच ठरवतो: दोन हातांची कुऱ्हाड, जड चिलखत, दबकत चालायचं नाही. वॉरियर स्टोन या जादूच्या शिळेचं वरदान घेतलं की लढाईची स्किल्स २० टक्के वेगाने वाढतात. मरतो बऱ्याचदा, पण कुऱ्हाडीनेच मरतो.

मंत्रचळ:
दांडपट्टा, कुऱ्हाडवाल्यांना हे बोलायला सोपं आहे. तुम्ही सहाणेवर धार लावून घेता, मंत्राला धार कुठे लावायची? डिस्ट्रक्शन १०० वर नेलं तरी मंत्राचा मूळ मारा तेवढाच राहतो, फक्त मॅजिका, म्हणजे मंत्रासाठी खर्च होणारी शक्ती, कमी लागते. मारा वाढवायचा तर पर्कच, म्हणजे लेव्हल वाढल्यावर निवडायच्या खास क्षमता, घ्यावे लागतात. त्यामुळे कुंपणावरचा यांचं निम्मं तरी बरोबर आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे धीर धरला नाहीत. डिस्ट्रक्शन ४० ला इम्पॅक्ट हा पर्क मिळतो. मग दोन्ही हातांनी एकच मंत्र फेकला की समोरचा अडखळतो, अगदी ड्रॅगनसुद्धा. जबडा उघडायच्या आत त्याला पुन्हा मागे रेटायची मजा धनुष्यात नाही. तोवर मात्र खांबाभोवती गोल गोल पळायचं, मॅजिका भरेपर्यंत. मी चिकार पळालोय.

रात्रपाळी:
पण धनुर्धारी झालं तर बिघडलं काय? मला दिवसाकाठी तासभर मिळतो, तो खांबाभोवती पळण्यात घालवू? लपून बाण मारला की दुप्पट मारा, पर्क घेतला की तिप्पट. खंजिराला पर्क घेऊन १५ पट मिळतो हे माहीत आहे, पण पाठीमागे पोचेपर्यंत शत्रू वळतोच.

दांडपट्टा:
मग तुम्ही गेम खेळत नाही, उरकता.

रात्रपाळी:
उरकतो तर उरकतो. तुमच्या कागदावरच्या नियमांपेक्षा बरं.

कुंपणावरचा:
भांडू नका. काल दांडपट्टा यांचं ऐकून धनुष्य विकलं. पुढच्याच गुहेत मेलेल्या डाकूकडे दुसरं सापडलं. घेतलं नाही! मग वरच्या पुलावरून त्याचा जोडीदार बाण मारायला लागला, माझी मॅजिका संपलेली, खांब एकही नाही.

परत जाऊन घेतलं.