मेवेदर–पॅकियाओ: २०१० मध्येच झाली असती तर निकाल वेगळा लागला असता का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

एकदाचा सोक्षमोक्ष लावू. २ मे २०१५ ला लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये मुष्टियुद्धाच्या लढतीत फ्लॉईड मेवेदरने मॅनी पॅकियाओला गुणांवर हरवलं. पंचांची गुणपत्रकं (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९) ११८-११०, ११६-११२, ११६-११२. माझं म्हणणं, यातला निम्मा विजय कॅलेंडरचा आहे. ही लढत आधी १३ मार्च २०१० ला व्हायची होती. तेव्हा मेवेदर ३३ चा आणि पॅकियाओ ३१ चा होता. प्रत्यक्षात झाली तेव्हा ३८ आणि ३६.

वय दोघांचंही वाढलं, मान्य. पण वयाचा मार दोघांना सारखा बसत नाही. मेवेदरचा खेळ अंतर, वेळ आणि एकेका सरळ उजव्यावर चालतो, आणि असा खेळ उशिरापर्यंत टिकतो. पॅकियाओचा सगळा खेळ पायांचा: आत घुसायचं, चार-पाच ठोसे लागोपाठ द्यायचे, कोन बदलून बाजूने निसटायचं. पाय जरा मंदावले की पाचाचे दोन ठोसे होतात.

आकडे घ्या. त्याच १३ मार्च २०१० ला पॅकियाओ मेवेदरऐवजी जोशुआ क्लॉटीशी लढला. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीच्या मोजणीनुसार बारा फेऱ्यांत १२३१ ठोसे, म्हणजे फेरीला शंभरावर. मेवेदरसमोर फक्त ४२९, फेरीला ३६ च्या आसपास. त्याआधी डे ला होया (डिसेंबर २००८), हॅटन (मे २००९), कोटो (नोव्हेंबर २००९) हे तिघं ओळीने वेळेआधी संपवले होते. कोटोनंतर थेट जुलै २०१८ पर्यंत एकही नाही. मध्ये डिसेंबर २०१२ ला मार्केझने सहाव्या फेरीत एका उजव्यात तोंडावर पाडला. मेवेदर सही करायला तयार झाला तो हे सगळं बघून झाल्यावर.

पांझरा_साऊथपॉ (धुळे)

भो, हाई पटनं नही माले. क्लॉटीचा आकडा इथे लावूच नका. तो गडी दोन्ही हात गालाला चिकटवून बारा फेऱ्या बंद गार्डमध्ये उभा होता, उलटा ठोसा क्वचित. अशा माणसावर शंभर काय, दीडशे फेकता येतात. आणि १२३१ पैकी लागले किती? २४६. मेवेदरसमोर ४२९ पैकी ८१. दोन्हीकडे पाचात एकच्या आसपास! नेम तोच होता, फेकायची संधी घटली. ती मेवेदरने घटवली.

कशी, ते पायांकडे बघून कळतं. मॅनी डावखुरा. उजवा आणि डावखुरा समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट. पॅकियाओला उजवा पाय मेवेदरच्या डाव्या पायाबाहेर टाकून डावा सरळ सोडायचा होता. मेवेदरने डावा हात लांब करून त्याच्या उजव्या ग्लोव्हच्या पुढ्यात ठेवला. त्या हाताने दरवेळी मारायचंच असं नव्हतं, वाट अडवायची. मॅनीने पाऊल उचललं रे उचललं की सरळ उजवा, आणि लगेच डोकं खाली घालून मिठी. पहिला ठोसा निघतो तोवर दुसऱ्यासाठी अंतरच उरत नाही. मेवेदरचा पल्ला ७२ इंच, मॅनीचा ६७. ते पाच इंच २०१० मध्येही तेवढेच होते.

आणखी एक. खांदा फिरवून ठोसा घसरवायची मेवेदरची ओळखीची ढब डावखुऱ्यापुढे लंगडी पडते, कारण डावा सरळ ठोसा त्याच्या उघड्या बाजूने येतो. म्हणून त्या रात्री तो हात वर ठेवून आणि लांबून खेळला. हा आराखडा वयावर अवलंबून नाही. उलट २०१० मध्ये मेवेदरचे पायही पाच वर्षांनी तरुण असते. मे २०१४ मध्ये मायदानाने त्याच्यावर २२१ ठोसे लावले, कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत तोवर त्याला इतके कोणीच लावले नव्हते. घसरण काय फक्त एकाचीच?

गिरणाकाठ

आराखडा चालला, कारण समोरचा पाऊल टाकण्याआधी थबकत होता. २००९ चा मॅनी थबकत नव्हता. उजव्या जॅबची (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाची) हूल, पाय बाहेर, डावा, आणि लगेच उजवा हुक (वळवून मारलेला ठोसा). हे सगळं एका दमात. कोटोची लढत पुन्हा बघा, तिसऱ्या-चौथ्या फेरीत काय झालं ते.

आणि वेगवान डावखुऱ्यांनी मेवेदरला तरुणपणी छळलंच आहे. २००४ मध्ये कॉर्लीने हलवला. २००६ मध्ये झॅब जुडाने पहिल्या चार फेऱ्या जड केल्या. जुडा पुढे गळाला, कारण त्याचा दम आणि धीर दोन्ही संपले. मॅनीचा दम बारा फेऱ्यांचा होता. १ मे २०१० ला ३८ वर्षांच्या मोझलीने दुसऱ्या फेरीत दोन उजव्यांनी मेवेदरचे गुडघे वाकवले होते, हेही विसरू नका.

पांझरा_साऊथपॉ

तिसऱ्या फेरीपासून त्याच मोझलीचं काय झालं? जवळपास प्रत्येक फेरी मेवेदरची. हललेला मेवेदर पुढच्या फेरीत मागे सरकत नाही, पुढे येतो. तुम्ही अर्धीच लढत सांगताय, आप्पा.

भुसावळ_जंक्शन

तुम्ही दोघं रिंगमध्येच अडकलात. लढत अडली कागदावर, तेव्हा कागद बघू.

२००९ च्या शेवटी पैशाचं ठरलं होतं, ५०-५०. मोडलं उत्तेजकं शोधायच्या रक्तचाचणीवर. मेवेदरच्या बाजूला लढतीपर्यंत केव्हाही रक्त आणि लघवी घ्यायची मुभा हवी होती. पॅकियाओ म्हणाला, लढतीआधीचे २४ दिवस रक्त नाही, अंगातली ताकद जाते. मध्यस्थापुढे मेवेदरची बाजू १४ दिवसांवर आली. २४ आणि १४, मध्ये फक्त दहा दिवस! तिथेच तुटलं. उत्तेजकं घेतो या आरोपांवरून पॅकियाओने बदनामीचा दावा ठोकला, तो २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच वर्षी मेवेदरने फोन करून ४ कोटी डॉलर ठोक देऊ केले, पे-पर-व्ह्यूत (पैसे भरून बघायच्या प्रक्षेपणात) वाटा शून्य. पॅकियाओने नाही म्हटलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. शेवटी झालं ६०-४० वर, साठ मेवेदरला.

मग वाहिन्यांची गाठ. २०१३ मध्ये मेवेदर शोटाइमकडे गेला, पॅकियाओ एचबीओकडेच होता. दोघांनी मिळून प्रक्षेपण करायचं ठरलं तेव्हा गाडं हललं. २००२ च्या लुईस–टायसन लढतीत हेच केलं होतं, म्हणजे रस्ता माहीत होता, फक्त कोणाला घाई नव्हती.

घाई का नव्हती, त्याचं उत्तर हिशेबात आहे. अमेरिकेत घरबसल्या बघायचे ८९.९५ डॉलर, एचडीत ९९.९५. खरेदी ४६ लाख. आधीचा विक्रम २००७ च्या डे ला होया–मेवेदरचा, सुमारे २४ लाख. तिकीट विक्री ७.२ कोटी डॉलर. ऐन वेळी नोंदणीची एवढी झुंबड उडाली की मुख्य लढत लांबवावी लागली. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला पहिली घंटा वाजली, बाहेर मे महिन्याचं ऊन चढलेलं. उशिराने लढत बिघडवली असेल, धंदा मात्र दुपटीने केला.

शहाद्याचा गडी

आमच्याकडे यात्रेच्या कुस्त्यांत पंचमंडळी मैदानातच जोड लावते, इनाम पुकारते, संपलं. दोघांकडे विजेतेपदाचे पट्टे होते ना? मग संघटनेने दटावायला काय हरकत होती? लढा, नाहीतर पट्टा ठेवा खाली.

भुसावळ_जंक्शन

यात्रेत पंचमंडळी एक असते, दादा. इथे चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा हुकूम आपल्या पट्ट्यापुरता. ती आपल्या विजेत्याला आपल्याच यादीतल्या अव्वल आव्हानवीराशी लढायला भाग पाडू शकते. बोलणीला मुदत देते, जमलं नाही तर लिलाव लावते, सगळ्यात मोठी बोली लावणारा प्रवर्तक लढत घेतो, पैसे ठरलेल्या टक्क्यांनी वाटले जातात. पण दुसऱ्या संघटनेच्या विजेत्याशी लढ, हे सांगायचा अधिकार कोणालाच नाही. विजेता विरुद्ध विजेता हा राजीखुशीचा मामला.

उलट आधीचे करार ठरलेली जोड मोडतात. मे २०२१ मध्ये हेवीवेट विजेत्या फ्युरीने जाहीर केलं, १४ ऑगस्टला सौदीत अँथनी जोशुआशी लढणार. पुढच्याच दिवशी लवादाने निकाल दिला की वाइल्डरचा तिसऱ्या लढतीचा हक्क शाबूत आहे. फ्युरी वाइल्डरकडे वळला, जोशुआ सप्टेंबरमध्ये उसिककडून हरला. जोडच फुटली.

सातपुडा (नंदुरबार)

चाचणीचा मुद्दा नुसता बहाणा म्हणून उडवू नका. वाढीचं संप्रेरक लघवीत सापडत नाही, त्याला रक्तच लागतं, आणि तेही घेतल्यानंतर थोडाच काळ दिसतं. म्हणून २४ दिवसांची ठरलेली सुट्टी ही चाचणीतली उघडी खिडकी असते. अचानक घेतली तरच चाचणीला अर्थ. पॅकियाओ कधीही दोषी सापडलेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहितो. मागणी शास्त्राला धरून होती, तिच्या आडून केलेले आरोप बिनपुराव्याचे.

आणि गंमत बघा. ज्याने एवढी कडक चाचणी मागितली, त्यानेच २०१५ च्या लढतीच्या आदल्या दिवशी, वजन झाल्यावर, शिरेतून ७५० मिली सलाइन आणि जीवनसत्त्वं घेतली. तेव्हा सवलत नसेल तर सहा तासांत ५० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घ्यायला मनाई होती. चाचण्या घेणाऱ्या यूसाडाने (अमेरिकेची उत्तेजकविरोधी संस्था) सवलत दिली, पण लढत होऊन गेल्यावर, मागच्या तारखेने. नियमात बसवलं गेलं, एवढंच म्हणतो. मनाई कशासाठी? शिरेतून पाणी चढवलं की रक्त आणि लघवी पातळ होते, आणि नको त्या गोष्टी झाकायला सोपं जातं.

आता खांदा. पॅकियाओचा उजवा खांदा सरावात दुखावला होता, लढतीनंतर शस्त्रक्रिया झाली. लढतीच्या रात्री त्याच्या लोकांनी दाह कमी करणारं इंजेक्शन मागितलं, नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने नाकारलं, कारण दुखापत आधी कळवलेली नव्हती. अर्जातल्या खांद्याच्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण होती. डावखुऱ्याचा उजवा हात म्हणजे जॅबचा हात. गिरणाकाठ म्हणतात ती हूल, तो हुक, सगळं त्याच हाताचं. तोच अर्धा असेल तर डाव्याला वाट कोण करून देणार?

पांझरा_साऊथपॉ

खांद्याचा मुद्दा खरा धरला तरी तो उशिराच्या विरोधात जात नाही. खांदा २०१० च्या सरावातही दुखावू शकला असता.

सातपुडा

दुखावू शकला असता, पण ३१ व्या वर्षी आणि ३६ व्या वर्षी स्नायूबंधाची झीज सारखी नसते. तेवढा तरी फरक धरा.

भुसावळ_जंक्शन

उशीर झाला की लढत एकतर्फीच होते, असा नियम मात्र काढू नका. क्रॉफर्ड–स्पेन्सही वर्षानुवर्षं रखडली. मध्ये स्पेन्सचा २०१९ चा कार अपघात, २०२१ मध्ये डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया, २०२२ मध्ये बोलणी फिसकटली. २९ जुलै २०२३ ला झाली ती खरंच एकतर्फी: दुसऱ्या फेरीत एकदा, सातव्यात दोनदा स्पेन्स खाली, नवव्यात पंचांनी थांबवली. पण बेतेरबिएव्ह–बिवोल बघा. १ जून २०२४ ची तारीख बेतेरबिएव्हच्या गुडघ्यामुळे १२ ऑक्टोबरवर गेली. तो ३९ चा, बिवोल ३३ चा. तरी बहुमताने बेतेरबिएव्ह जिंकला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसाच बहुमताने बिवोल. दोन्ही लढती इतक्या घासून झाल्या की दोन्ही वेळी एका पंचाचा हिशेब ११४-११४.

गिरणाकाठ

तिथे उशीर चार महिन्यांचा होता, इथे पाच वर्षांचा. स्पेन्सचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. वर्षभराहून जास्त रिंगबाहेर होता तो.

२०१५ कडेच परत येतो. चौथ्या फेरीत डावा सरळ लागला आणि मेवेदर दोरांना टेकला. मॅनीने तिथे झड लावली, मेवेदरने दोन्ही हातांत डोकं झाकून घेतलं. सहाव्यातही तसंच. २००९ चा मॅनी त्या दोरांवरून त्याला सुटू देत नाही. अंगावर मारतो, बाजूला सरकतो, पुन्हा मारतो. २०१५ चा मॅनी समोरच उभा राहिला आणि मेवेदर त्याच्या डाव्या बाजूने निसटला.

पांझरा_साऊथपॉ

दोरांवर झाकून घेतलेल्या मेवेदरला त्यातले किती स्वच्छ लागले, ते हळू गतीत मोजा. बरेचसे कोपरांवर आणि ग्लोव्हवर आहेत. गर्दी ओरडते, पंच मोजत नाहीत. चौथी आणि सहावी मीही मॅनीलाच देतो. उरलेल्या दहांतल्या अजून दोन दिल्या की ११६-११२ होतं, म्हणजे दोन पंचांचाच निकाल. ड्रॉ म्हणायला सहा लागतात, जिंकायला सात. ११८-११० जरा कडक होतं, तेवढं देऊन टाकतो. पण तुमच्या हिशेबात बाकीच्या फेऱ्या कुठल्या, आकड्यानिशी लिहा.

गिरणाकाठ

चौथी, सहावी, आठवी, दहावी. नववी बरोबरीत सोडली. आठवीवर भांडायचं असेल तर आवाज बंद करून बघा आणि मगच या.