मदत हवी आहे: मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या छोट्या मैफली आणि जॅझचे कार्यक्रम आधी कळायला काय करावं?

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, पण पूर्ण वाचून मग सुचवा प्लीज, कारण "बुकमायशो बघत जा" हे उत्तर आधीच बऱ्याच जणांनी दिलंय आणि तिथे जे दिसतं ते बहुतेक मोठ्या हॉलचं, मोठ्या नावांचं आणि मोठ्या तिकिटांचं. मला शंभर-दीडशे माणसांच्या जागा हव्यात, जिथे गाणारा माणूस समोर दिसतो आणि आवाज स्पीकरमधून न येता त्याच्याकडूनच येतो.

का ते सांगते. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. घरात ऐकणारे दोघं. बाबा ऐंशीला टेकलेत, बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर गाणं ऐकलं, आता दोन्ही कानांना मशीन आहे आणि गुडघ्यांमुळे खाली बसणं बंद. दुसरी माझी लेक, सतरा वर्षांची, ट्रम्पेट शिकते. या दोघांचं सूत जुळलं ते संगीतकार सी. रामचंद्रांमुळे. बाबांना त्यांची गाणी तोंडपाठ, आणि लेकीच्या सरांनी तिला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गाण्यांत जो ट्रम्पेट वाजतो तो चिक चॉकलेटचा, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याच्या अँतोनियो शावियेर वाझ यांचा, जे मुंबईत ताजमध्ये स्वतःचा जॅझ बँड घेऊन वाजवायचे. तेव्हापासून आजोबा-नात रोज रात्री एकत्र ऐकत बसतात, एक गाणं आजोबांचं एक नातीचं, आणि आता दोघांनाही प्रत्यक्ष ऐकायचंय. एकाच जागी दोघांचं भागलं तर उत्तम, नाहीतर आलटून पालटून.

अडचण पहिली, माहितीची. पूर्वी काळा घोड्याला रिदम हाऊस या कॅसेट-रेकॉर्डच्या दुकानात चक्कर मारली की कुठे काय आहे ते कळायचं, तिकिटंही तिथेच मिळायची, ते २०१६ ला बंद झालं. आता प्रत्येक म्युझिक सर्कलचा, म्हणजे मैफली भरवणाऱ्या छोट्या संस्थेचा, वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप, प्रत्येक कॅफेचं वेगळं इन्स्टा, आणि तिथे स्टोरी टाकतात ती दुसऱ्या दिवशी गायब. मला फोटो दिसतात ते कार्यक्रम होऊन गेल्यावर, "काल काय रंगली मैफल" म्हणून, आणि ते बघून बाबांचा चेहरा उतरतो तो मला बघवत नाही.

अडचण दुसरी, आवाजाची. मध्यंतरी आम्ही एका मोठ्या सभागृहात गेलो होतो, नाव घेत नाही. गायिका सुंदर गात होत्या पण साऊंडवाल्याने तबला इतका वर ठेवला होता की बाबांनी मध्यंतराच्या आधीच मशीन काढून खिशात टाकलं आणि मग त्यांना काहीच ऐकू येईना. याउलट नात्यातल्या एकांच्या घरी बैठक झाली, तिथे बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. माईक नव्हता. तानपुरा लावताना गायकाने तारेखालचा जव्हारीचा दोरा केसभर सरकवला आणि आवाज एकदम उघडला, तो बदल बाबांनी मान वर करून टिपला, आणि पुढे जोडराग, म्हणजे दोन राग मिसळून केलेला, होता तो त्यांनी गाडीत लेकीला बरोबर फोडून सांगितला. म्हणजे कान अजून आहे त्यांचा, जागा चुकीची मिळतेय.

अडचण तिसरी, लेकीच्या बाजूची. जॅझ जिथे होतं तिथे बहुतेक दारू असते. महाराष्ट्रात बियर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं वयाची अट, त्यामुळे सतराच्या पोरीला सहसा कुणी दारातून आतच घेत नाही, आईबरोबर असली तरी. एका ठिकाणी फोनवर "चालेल" म्हणाले आणि गेल्यावर परत पाठवलं. दुसऱ्या एका ठिकाणी आत सोडलं पण लोक इतके मोठ्याने गप्पा मारत होते की डबल बासचा सोलो चालू असताना आम्हाला फक्त ग्लासांचे आवाज. तो वाजवणारा डोळे मिटून वाजवत होता, इतकं वाईट वाटलं.

आता मला जे माहितीये ते लिहिते म्हणजे तेच परत नको. नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र माहितीये, तिथलं लिटल थिएटर ११४ खुर्च्यांचं, ते मला सगळ्यात आवडतं, एक्सपरिमेंटल थिएटर साधारण ३०० चं तेही ठीक. दादर माटुंगा कल्चरल सेंटर माहितीये. महालक्ष्मीचं जी५ए हे छोटं कलाकेंद्र ऐकून आहे पण गेले नाही. कल्याण गायन समाज जवळ आहे, त्यांचा देवगंधर्व महोत्सव आम्ही चुकवत नाही, पण तो वर्षातून एकदाच.

तर प्रश्न असे. येत्या दोन-तीन महिन्यांत अशा छोट्या जागी काय काय आहे आणि ते एकत्र कुठे बघायला मिळतं? दारू नसलेल्या जागी जॅझ कुठे होतं? खुर्ची नक्की मिळते अशा बैठका कोणत्या? आणि सकाळचे राग कुठे ऐकायला मिळतील, कारण सगळे कार्यक्रम संध्याकाळी, मग यमन, पूरिया, मारवा, फार तर बिहाग, बाबांचा जीव मात्र ललत आणि तोडीत अडकलाय, ते सकाळी समोर बसून ऐकून जमाना झाला म्हणतात.

परत येताना शेवटच्या लोकलचं टेन्शन असतंच, त्यामुळे साडेनवाच्या आत सुटणारं असेल तर आधी सांगा.

प्रतिसाद – पार्लेकर

ताई, सगळं एका जागी दाखवणारं काही नाही, तो शोध सोडून द्या. मी काय करतो ते सांगतो. एनसीपीएचं महिन्याचं कार्यक्रमपत्रक येतं ते ईमेलवर मागवून घ्या, त्यात छोट्या थिएटरांतले कार्यक्रम आधीच दिसतात. सर्कलवाल्यांच्या बाबतीत उलटं, त्यांच्याकडे एकदा जाऊन वहीत नाव आणि नंबर लिहून या, बहुतेक ठिकाणी दारात वही असतेच, मग दरवेळी मेसेज येतो. सभासद झालात तर आणखी बरं, वर्गणी अगदी थोडी असते आणि या संस्था त्याच पैशावर तगून आहेत. बाबांसाठी खुर्ची आदल्या दिवशी फोन करून सांगा, कार्यकर्ते स्वतः आणून ठेवतात, मी माझ्या आईसाठी नेहमी करतो.

सकाळच्या रागांसाठी पंचम निषाद या संस्थेच्या प्रातःस्वर या पहाटेच्या मैफलींवर लक्ष ठेवा, प्रभादेवीला पु.ल. अकादमीच्या आवारात पहाटे बसून आम्ही अप्रतिम तोड्या ऐकल्यात. रविवार असेल तर मेगाब्लॉकच्या आधी परत फिरता येतं, डोंबिवलीकरांना ते सोयीचं. आणि दिवाळी पहाट नुसती भावगीतांची असते असं समजू नका, काही ठिकाणी पूर्ण रागदारी असते, पत्रिका नीट वाचा.

प्रतिसाद – श्रवणमित्र

मी ऑडिओलॉजिस्ट आहे म्हणून दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. बाबांचं मशीन बोलणं ऐकण्यासाठी सेट केलेलं असणार. त्यात शिट्टी वाजू नये म्हणून एक सोय असते, ती लांबलेला स्थिर सूर ऐकला की त्यालाच शिट्टी समजते आणि दाबायला जाते, त्यामुळे बासरी, तानपुरा, लांबवलेला षड्ज हे थरथरल्यासारखे किंवा बेसूर ऐकू येतात. शिवाय मोठा आवाज आला की मशीन तो आपोआप दाबतं, म्हणून तबला वर असला की गाणं त्याखाली बुडतं. जिथे मशीन बसवलंय तिथे जाऊन "म्युझिक प्रोग्रॅम वेगळा टाकून द्या" असं सांगा, बऱ्याचशा नवीन मशीनमध्ये तो असतो, नॉइज कमी करणारी आणि शिट्टी दाबणारी सेटिंग त्यात बंद किंवा कमी करतात, मग मैफलीत बटणाने बदलायचं. जाताना एखादं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन जा आणि तिथेच ऐकवून बघा. स्पीकरच्या रेषेत न बसता किंचित बाजूला बसवा, पण गायकाचं तोंड दिसलं पाहिजे, ओठ दिसले की बंदिशीचे शब्द पटकन लागतात.

प्रतिसाद – मडगावकर

मुलीसाठी सुचवते. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस, त्याच्या आसपास मुंबईत बरंच काही होतं आणि त्यातले सभागृहातले कार्यक्रम सगळ्या वयांसाठी असतात. एनसीपीएचा जॅझ महोत्सव साधारण नोव्हेंबरात असतो, तिथेही वयाची भानगड नाही. बाकी वर्षभर संगीत शाळांची रिसायटल्स बघा, तिकीट नसतं, शिक्षक स्वतः वाजवतात आणि नंतर मुलांशी बोलतात, तिच्या वयाच्या पोरीला क्लबपेक्षा तिथे जास्त मिळेल. धोबी तलावला फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात ट्रम्पेटचं तेल वगैरे घ्यायला जाल तेव्हा कुठे काय चाललंय तेही विचारा, वाजवणारी माणसं तिथे येत-जात असतात.

आणि एकदा फेब्रुवारीच्या सुमारास गोव्याला या. जुन्या गोव्यात टेकडीवर कापेला दो मोन्ते या जुन्या चॅपलमध्ये मोन्ते संगीत महोत्सव होतो, पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी दोन्ही एकाच महोत्सवात, संध्याकाळी खाली मांडवी दिसते. तुमच्या दोघांचं एकाच जागी भागेल असं मला तरी हेच ठिकाण सुचतं. चढ आहे, पण गाडी वरपर्यंत जाते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

श्रवणमित्र, तुमचं वाचून मी बाबांना विचारलं की तानपुरा कसा ऐकू येतो, तर म्हणाले "हल्ली सगळे तानपुरे हलतात, मला वाटलं लावणाऱ्यांचाच हात बिघडला." इतके दिवस त्यांनी हे कुणाला सांगितलंच नाही, वयाचं म्हणून सोडून दिलं. सोमवारीच अपॉइंटमेंट घेतलीये, तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लेकीने मोबाईलवर काढून ठेवलंय. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी हा प्रतिसाद पुढे पाठवा खरंच.

पार्लेकर दादा, वहीचं पटलं, या शनिवारी माटुंग्याला जाऊन नाव लिहून येते, वर्गणीही भरते.

मडगावकर ताई, गोवा लेकीने लगेच उचलून धरलंय, पण बाबांना कोकण रेल्वेचा रात्रभरचा प्रवास झेपेल का ते बघून ठरवू.

आता राहिलेले दोनच प्रश्न. जी५ए ला कुणी वयस्कर माणसाला घेऊन गेलंय का, महालक्ष्मी स्टेशनवरून टॅक्सी सहज मिळते का आणि आत जायला पायऱ्या किती आहेत? आणि ठाण्याच्या अलीकडे, म्हणजे कल्याण, डोंबिवली, बदलापूर, अंबरनाथ भागात कुणाच्या घरी दर महिन्याला बैठक होत असेल आणि बाहेरचे श्रोते चालत असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. चार खुर्च्या आम्ही घरून आणू, आणि चहाचं बघायला मी येईन.